डफ कोणाच्या हाती?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. आजवर या व्यासपीठावरून अनेक विद्वान वक्ते बोलून गेले. मी विद्वान नाही आणि संगीतज्ञ तर मुळीच नाही. माझी सारी उमेद बँकेच्या खतावण्या तपासण्यात गेली. तरीही वाद्यांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण गुरुजींचे एक देणे माझ्याकडे साठ वर्षांपासून थकलेले आहे. बँकेतल्या माणसाला थकबाकीची टोचणी इतरांपेक्षा जरा अधिक लागते. ते देणे कोणते, हे मी पुढे सांगेनच. सुरुवात मात्र येथून फार दूर घडलेल्या एका प्रसंगापासून करतो.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहण्याचा योग आला. तो राहतो ते गाव आपल्या सौंसरसारखेच, फार मोठे नाही. त्या गावात एक सामुदायिक संगीतशाळा आहे. अशा शाळा त्या देशात पुष्कळ ठिकाणी आढळतात. मोठे कलावंत घडविणे हा त्यांचा हेतू नसतो. गावातील ज्याला शिकण्याची इच्छा आहे, त्याला परवडेल अशा शुल्कात शिकता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. प्रवेश देताना कोणाचा गळा तपासत नाहीत की हात तपासत नाहीत. माझी अकरा वर्षांची नात त्या शाळेत जपानी ढोल वाजवायला शिकत होती. मी जाण्याच्या आधी पत्रातून आणि दूरध्वनीवरून ते कळले होते. पण मुलांचे काहीतरी खूळ असेल, असे समजून मी तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

उन्हाळ्यात गावाचा कला-महोत्सव भरला. ग्रंथालयापुढच्या हिरवळीवर कोणी चित्रे मांडली होती, कोणी मातीची भांडी. एका बाजूला लाकडी मंच होता. दुपारी संगीतशाळेची पाळी आली. एक मालवाहू गाडी मंचापाशी येऊन थांबली आणि वादकांनीच आपापले ढोल उतरविले. ढोल वाहून आणायला वेगळा माणूस नव्हता. गटात सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा आणि सर्वांत वडील बाई सत्तरीच्या घरात. एक टपालवाला होता, एक निवृत्त परिचारिका होती, दोन शाळाशिक्षक होते. जपानी वंशाचे चेहरे त्यांत दोन-तीनच दिसले.

ढोल दोन-तीन प्रकारचे होते. मोठे ढोल पिंपाच्या आकाराचे, दोन्ही तोंडांवर जाड कातडे ताणून खिळ्यांनी ठोकलेले. लहान ढोल दोऱ्यांनी आवळलेले, त्यांचा आवाज चढा. वाजवायला हातभर लांबीचे लाकडी दांडू. त्यांना ‘बाची’ म्हणतात. सगळे वादक पाय फाकवून, गुडघ्यात किंचित वाकून उभे राहिले. क्षणभर कोणीच वाजविले नाही. मग त्या वडील बाईंनी लहान ढोलावर ताल धरला आणि एकदम सर्व हात वर गेले. तो नाद कानाला ऐकू येण्याआधी छातीत जाणवला. मधूनच सर्वजण एक आरोळी देत. काही वेळाने प्रत्येकजण आपला ढोल सोडून शेजारच्या ढोलावर जाई, आणि ताल मात्र तुटत नसे. कोणताही ढोल कोणा एकाचा नव्हता.

एकदा तो नऊ वर्षांचा मुलगा चुकला. त्याचे हात थांबले, चेहरा रडवेला झाला. शेजारच्या परिचारिकाबाईंनी वाजविणे न थांबविता त्याच्याकडे पाहून तोंडाने बोल म्हटले, ‘डोन, डोको, डोन, का’. मुलाने दोन आवर्तने नुसते ओठ हलविले आणि तिसऱ्या आवर्तनात तो पुन्हा मिसळला. आपल्याकडे तबला शिकताना आधी बोल तोंडात बसवितात, तसेच ताइकोतही आधी तोंडाने शिकवितात, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली. ‘डोन’ म्हणजे कातड्याच्या मध्यावरचा भरदार आघात, ‘का’ म्हणजे कडेच्या लाकडावरचा कोरडा आघात. मधल्या निःशब्द मात्रेलाही त्यांच्याकडे बोल आहे.

वादन संपले, टाळ्या झाल्या, वादकांनी ढोल पुसले आणि पुन्हा स्वतःच गाडीत चढविले. घामाने भिजलेली नात माझ्यापाशी आली आणि तिने विचारले, “आजोबा, आपल्या गावी कोणता ढोल असतो? तुम्ही वाजवायचात का?”

मी म्हणालो, “असतो. डफ असतो.” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. आज तुमच्यापुढे उभा आहे तो त्या उत्तरासाठी.

मित्रहो, घरी आल्यावर मी या ढोलांचा इतिहास मिळेल तसा वाचून काढला. तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणून थोडक्यात सांगतो. ‘ताइको’ या जपानी शब्दाचा साधा अर्थ ढोल. जपानात ढोल फार जुना आहे. ढोल वाजविणाऱ्या माणसाची सहाव्या शतकातील मातीची मूर्ती तेथे सापडली आहे. देवळात, रणांगणावर, नाट्यगृहात, पावसासाठी केलेल्या प्रार्थनेत, गावच्या जत्रेत, सर्वत्र तो वाजत आला. भारताशीही त्या देशाच्या संगीताचे जुने नाते आहे. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानात पोहोचले, आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्यांच्या हस्ते झाला. त्या सोहळ्यात नाना देशांचे संगीत वाजले होते.

परंतु मी त्या हिरवळीवर जे पाहिले, म्हणजे लहानमोठ्या ढोलांचा ताफा एकत्र उभा करून वाजविणे, ते इतके प्राचीन नाही, हे वाचून मला नवल वाटले. त्याचा आरंभ १९५१ साली झाला. नागानो प्रांतात सुवा नावाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथील जुन्या ढोलवादनाची एक लेखी नोंद दाइहाची ओगुची नावाच्या तरुणाकडे वाचण्यासाठी आली. हा तरुण जाझ संगीतातला ढोलवादक. जाझमध्ये एकाच वादकापुढे अनेक ढोल असतात; मग जुना ताल एकाच ढोलावर का वाजवावा, असा प्रश्न त्याला पडला. त्याने वेगवेगळ्या आकारांचे ढोल जमविले, प्रत्येक वादकाला तालाचा वेगळा भाग वाटून दिला आणि ‘ओसुवा दाइको’ हा गट उभा केला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या कला-महोत्सवात या गटाचे वादन झाले आणि हा नवा प्रकार देशभर पसरला. पुढे सादो नावाच्या दूरच्या बेटावर ‘ओन्देकोझा’ हा गट जमला. रोज मैलोन्‌मैल धावायचे आणि मग ढोल वाजवायचे, अशी त्यांची शिस्त. १९७५ साली अमेरिकेतील बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत धावून लगेच त्यांनी ढोल वाजविले, तेव्हा लोक थक्क झाले. त्याच बेटावरील ‘कोदो’ या गटाने १९८१ साली बर्लिनच्या महोत्सवात आपले पहिले वादन केले. ‘कोदो’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक ‘हृदयाचा ठोका’ आणि दुसरा ‘ढोलाची मुले’.

अमेरिकेत ही कला पोहोचली ती निराळ्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, त्या देशातील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. युद्धानंतर ही माणसे गप्प झाली. आपले जपानीपण दिसू नये म्हणून जपू लागली. त्यांची नातवंडे मोठी झाली, तेव्हा त्यांना हे मौन असह्य झाले आणि त्यांनी ढोल हाती घेतला. १९६८ साली सान फ्रान्सिस्कोत सेइइची तनाका यांनी ताइकोची शाळा काढली. १९६९ साली लॉस अँजेलिसच्या एका बौद्ध मंदिरात ‘किन्नरा ताइको’ हा गट निघाला. या नावातले किन्नर म्हणजे आपल्या पुराणांतले स्वर्गीय गायक-वादक, हे तुम्ही ओळखलेच असेल. अखंड खोड कोरून केलेला जपानी ढोल या मंडळींना परवडण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी दारूची जुनी लाकडी पिंपे आणली, त्यांवर कातडे चढविले आणि काम भागविले. १९७३ साली सान होजे येथे आणखी एक गट उभा राहिला. पूर्वी जपानातील कितीतरी उत्सवांत मोठा ढोल हा पुरुषांचाच मान होता. अमेरिकेतील गटांत आज स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे. त्या नऊ वर्षांच्या मुलाला बोल सांगणाऱ्या परिचारिकाबाई याच परंपरेतल्या.

आपण ज्याला परंपरा म्हणतो ती कोणीतरी, केव्हातरी, हाती असेल त्या साधनांनी उभी केलेली असते, हा यातून मी घेतलेला पहिला धडा.

येथपर्यंतची कथा ऐकायला गोड आहे. पण हिशेबनिसाला जमेची बाजू वाचून थांबता येत नाही. नावेची बाजूही वाचावी लागते. ढोल वाजतो तो कातड्यावर. ते कातडे कोण कमावते?

जपानात जनावरे कापणे, कातडी कमावणे, ढोल मढविणे ही कामे ज्यांच्याकडे होती, त्यांना शतकानुशतके अपवित्र मानले गेले. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, त्यांच्याशी लग्नव्यवहार नाही. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा भेद कायद्याने संपविला. तथापि लग्न जुळविताना आणि नोकरी देताना वस्तीचे नाव शोधून काढण्याची रीत पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. या लोकांना ‘बुराकुमिन’ म्हणतात, म्हणजे नुसते ‘वस्तीतले लोक’. वस्ती म्हटले की कोणती वस्ती, हे आपल्याकडेही निराळे सांगावे लागत नाही. ओसाका शहरातील नानिवा हा भाग ढोल तयार करण्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध. तेथे केलेला ढोल देवळात मानाने टांगला जाई. पण तो करणाऱ्याला गावात मान नसे. ढोल घडवायचा त्यांनी आणि उत्सवात वाजवायचा इतरांनी, अशी ती वाटणी होती.

१९८७ साली याच नानिवातील तरुणांनी स्वतःचा ढोलगट काढला. आपल्या वाडवडिलांनी घडविलेला ढोल आता आपण वाजवू, असे ते म्हणाले. गटाला त्यांनी नाव दिले ‘इकारी’. या शब्दाचा अर्थ आहे क्रोध. उत्सवी वाद्याच्या गटाला असे नाव ठेवलेले तुम्ही कधी ऐकले आहे काय? हे वाचले आणि मी पुस्तक मिटले, कारण मला आपली शाळा आठवली, गुरुजी आठवले आणि १९६४ चे साल आठवले. टोकियोत ओगुचींचे ढोल वाजत होते, त्याच वर्षी या शाळेच्या मैदानावर जे घडले ते आता सांगतो.

मी तेव्हा आठवीत होतो. गुरुजी आम्हाला कवायत आणि गाणे असे दोन्ही विषय शिकवीत. प्रभातफेरीसाठी लेझीमपथक बसवावे, असे त्यांच्या मनात आले. लेझमी आल्या, ताल धरायला डफ हवा होता. आपल्या भागातले डफडे तरुण श्रोत्यांपैकी काहींनी जवळून पाहिले नसेल, म्हणून सांगतो. लाकडाचे किंवा लोखंडाचे एक कडे, त्याच्या एका तोंडावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. गळ्यात अडकवायचे आणि दोन काड्यांनी वाजवायचे. वाजविण्याआधी काटक्यांचा जाळ करून ते शेकावे लागते, म्हणजे कातडे ताणते आणि आवाज खणखणीत निघतो. लग्नाची वरात, पोळ्याचे बैल, गावची दवंडी, माणसाची शेवटची यात्रा, यांपैकी काहीही डफड्यावाचून होत नसे. आणि ते वाजविणारे नेहमी गावकुसाबाहेरच्या वस्तीतलेच असत. वरातीत सर्वांत पुढे त्यांनी चालायचे आणि पंगतीत सर्वांत शेवटी, तेही अंगणाबाहेर, त्यांनी बसायचे. आमच्या घरच्या लग्नांतही हेच घडले. मी ते पाहिले आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

आमच्या वर्गात त्या वस्तीतला एक मुलगा होता. अभ्यासात हुशार. गुरुजींनी सहजपणे त्याला विचारले, “तुझ्या घरी डफ आहे ना? तू ताल धरशील?” मुलगा खाली पाहत म्हणाला, “वडिलांनी नको म्हटलंय.” गुरुजी त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले. सोबत कंदील धरायला म्हणून मी होतो. मुलाच्या वडिलांनी गुरुजींना बसायला बाज दिली आणि स्वतः उभे राहिले. गुरुजी म्हणाले, “तुम्ही बसा, मग मी बसतो.” दोघेही बसल्यावर ते गृहस्थ जे बोलले, त्याचा शब्द न्‌ शब्द मला आठवतो.

“गुरुजी, आमच्या बापजाद्यायनं लोकाइच्या दारात डफडं वाजवलं. छप्पन साली आम्ही ते खुंटीवरून काढलं न्‌ मोडून टाकलं. आता माह्या पोराच्या गळ्यात ते पुन्हा नोका अडकवू. त्याले शिकू द्या.”

छप्पन साली म्हणजे काय, हे तरुणांसाठी स्पष्ट करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथून शंभर किलोमीटरच्या आत, नागपूरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांच्यासोबत जुन्या हीन मानलेल्या कामांचा त्याग केला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपले तालुके मध्य प्रदेशात राहिले. घराघरांत त्या वर्षी सीमेची चर्चा झाली. त्या एका घरात मात्र दुसरीच सीमा ओलांडली गेली होती, आणि आम्हाला तिचा पत्ताही नव्हता.

गुरुजी परत येताना वाटेत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आले आणि म्हणाले, “डफ वाजविण्याची ज्याच्यावर कधी सक्ती झाली नाही, असा कोण आहे? त्याने हात वर करावा.” जवळजवळ सर्वांचे हात वर गेले. मग ते म्हणाले, “आता यांच्यापैकी जो डफ गळ्यात घालील, त्याने हात वर ठेवावा. बाकीच्यांनी खाली घ्यावा.”

मित्रहो, सगळे हात खाली आले. माझाही आला.

मला डफाचा ताल आवडत होता. पोळ्याला मी त्यामागे गावभर हिंडत असे. पण घरी काय म्हणतील, गल्लीत काय नाव पडेल, या भीतीने हात आपोआप खाली आला. गुरुजी रागावले नाहीत. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत त्यांनी स्वतःच्या गळ्यात डफ घातला. तो त्यांना नीट वाजविताही येत नव्हता. बाजारपेठेतून जाताना काही लोक हसले, एकाने काही वाईट शब्द काढला. गुरुजी ताल धरून चालत राहिले आणि आम्ही खाली माना घालून लेझीम खेळत राहिलो. पुढील वर्षी तीन मुले डफ घ्यायला पुढे आली. त्या तिघांत मी नव्हतो.

तो वर्गमित्र पुढे शिकला, चांगल्या हुद्द्यावर गेला. त्याने आयुष्यात डफ कधीच हाती घेतला नाही. कोणी म्हणेल, ही कला लोपली याचे दुःख वाटत नाही का? मला वाटते, त्याच्या वडिलांनी डफ मोडला तो योग्यच केला. जी कला मानेवर जोखड ठेवून करून घेतली जाते, ती टिकावी असे म्हणण्याचा अधिकार जोखड ठेवणाऱ्याला नसतो. नानिवाच्या तरुणांनी ढोल स्वतःहून उचलला आणि त्याला क्रोधाचे नाव दिले. आपल्या मित्राच्या वडिलांनी तो स्वतःहून खाली ठेवला. दोन्हींत स्वाभिमान आहे. उचलावा की ठेवावा, हे ठरविणे त्यांच्या हाती आले, यातच सर्व काही आले.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचे? गुरुजींनी त्याचे उत्तर कृतीने दिले होते. डफावरचा कलंक धुण्याचे काम ज्यांनी तो कलंक सोसला त्यांचे नाही. ज्यांना तो कधी सोसावा लागला नाही, त्यांचे आहे. हे गुरुजींना कळले होते. मला कळायला एका परक्या गावातील हिरवळ आणि नातीचा प्रश्न लागला.

वाद्य स्वतः कोणालाही लहान करीत नाही, याची साक्ष आपल्याच भागात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेली. तळहातावर मावेल असे ते साधे वाद्य. तेच घेऊन महाराज गावोगाव हिंडले आणि तेच घेऊन १९५५ साली जपानात विश्वधर्म परिषदेला गेले. ज्या देशातून ढोलाचा नाद माझ्या कानी आला, त्या देशात आपली खंजिरी त्याआधीच पोहोचली होती. आजही गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनांत ती वाजते आणि ती धरताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. जे खंजिरीच्या बाबतीत घडले, ते डफाच्या बाबतीत का घडू नये?

शाळेला हे करता येते, याचेही उदाहरण आहे. पुण्यातील गणेशोत्सवात आज दिसणारी मोठमोठी ढोलताशा पथके सुरुवातीला वाढली ती ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या आधाराने. खेड्यांतला ढोल शाळकरी मुलांच्या कमरेला बांधला गेला, मग मुलींच्याही कमरेला आला, आणि काही वर्षांत वाद्याकडे पाहण्याची शहराची नजर बदलली. त्या पथकांविषयी आवाजाच्या तक्रारीही आहेत व त्या खोट्या नाहीत. पण ज्या मुलाने बोल पाठ केले, घाम गाळला, तो गोंगाट आणि नाद यांतला फरक जाणतो. शिकवणी नसेल तेथे गोंगाट उरतो.

आपला पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला. पण बाहेरच्या जगाला आपले नाव ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे. दरवर्षी जखमींची संख्या वर्तमानपत्रांत छापून येते. परंपरा म्हणून आपण ती सांगतो. परंपरा बदलता येत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांना मी ओगुचींची गोष्ट सांगतो. दोन काठांवर उभे राहून एकमेकांना उत्तर देणारे दोन गावांचे डफ, ही कल्पना मला अशक्य वाटत नाही. आपल्या भागाचे वृत्त कधी तालाचेही छापून यावे.

म्हणून संस्थेपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. शाळेत डफ, ढोलकी आणि खंजिरी यांचा एक वर्ग सुरू करावा. तो सायंकाळी भरावा, आणि त्यात विद्यार्थ्यांबरोबर गावातील कोणाही प्रौढ स्त्री-पुरुषाला प्रवेश असावा. या परिसरात डफ जाणणारे जे थोडे वादक उरले आहेत, त्यांना शिकविण्याची विनंती करावी. त्यांची इच्छा असेल तरच. त्यांना इतर शिक्षकांइतके मानधन द्यावे आणि मुलांनी त्यांना गुरुजी म्हणावे. कातडे कसे ताणतात, डफ कसा शेकतात, हेही प्रत्येकाने हाताने शिकावे. केवळ वाजविणे पुरेसे नाही. डफ उचलणे, पुसणे, जागेवर ठेवणे हे ज्याचे त्याने करावे. कोणताही डफ कोणा एकाचा नसावा. आणि कोणाही मुलाला त्याच्या घराण्यावरून ‘तुला येत असेल’ असे म्हणू नये. तो एक प्रश्न गुरुजींनीही सहजच विचारला होता, आणि त्याची रुखरुख त्यांना अखेरपर्यंत होती, हे त्यांनी मला स्वतः सांगितले होते.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, पहिल्या वर्षाच्या वाद्यांचा भार आपण उचलावा. वर्गणीच्या वहीत माझा आकडा मी आजच लिहून देत आहे.

पण देणे केवळ पैशाने फिटत नाही. गुरुजींनी १९६४ साली जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. वर्ग सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे. वय सत्तरीपलीकडे आहे, हात लवकर बसणार नाही, चुकेन. चुकलो तर शेजारच्या मुलाने तोंडाने बोल सांगावेत. येत्या वर्षी नात गावी येणार आहे. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तरी मला देता यावे, एवढीच इच्छा आहे.